पीप वाजल्याशिवाय हलायचं नाही

आम्ही चौघं भेटलो की जेवण गार होतं, हे आता आमच्या चारही घरांत माहीत झालंय. माझी बायको तर दीक्षित सर येणार म्हटलं की पोळ्या मुद्दाम उशिरा लाटायला घेते. एकानं "तो नारळ आठवतो का?" म्हणायचा अवकाश, दुसरा लगेच "नारळाचं राहू दे, बैलांचं सांग" म्हणतो, आणि मग ताटं तशीच! कंपनी चालली थोडीच वर्षं. तिथले प्रोग्राम कुठं गेले देव जाणे, ज्या फ्लॉप्यांवर ते होते त्यांना कधीच बुरशी आली. किस्से मात्र साठत गेले, आणि दर वेळी सांगताना थोडे वाढलेही असतील. त्याला माझा इलाज नाही.

तर आधी मंडळी सांगतो. नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं. सांगलीत हळदीच्या एका गोदामावर दोन खोल्या, तीच आमची कंपनी. मालक दीक्षित सर, पुण्यातली चांगली नोकरी सोडून गावी परत आलेले. मी वाईचा, प्रोग्रामर. शैला आटपाडीची, तीही प्रोग्रामर, आणि माझ्यापेक्षा बरी. हे मी तेव्हाही मान्य करायचो, फक्त तिच्यासमोर नाही. चौथा बसू, जतचा. वायरी, सोल्डरिंग, अँटेना हे त्याचं खातं. निम्मं मराठी, निम्मं कानडी बोलायचा आणि काम झालं की "आयतु!" म्हणायचा. आयतु म्हणजे झालं. काम झालेलं नसलं तरी म्हणायचा! खालच्या गोदामामुळं आमचे शर्ट, कीबोर्ड, डबे, सगळं पिवळं. बाहेरगावी गेलो की लोक विचारायचे, "लग्न कधी हाय?"

काम होतं एका साखर कारखान्याचं. सीझनमध्ये यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागते. ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या. कोण आधी आलं आणि वजनकाट्यावर कुणाचा नंबर, यावरून रोज भांडणं. म्हणून यार्डात फिरणाऱ्या माणसाच्या हातात एक बिनतारी टर्मिनल द्यायचं ठरलं. विटेएवढं यंत्र, चार ओळींचा स्क्रीन, खाली बटणं, वर अंगठ्याएवढी अँटेना. गाडीचा नंबर दाबला की तो हवेतून थेट ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर! आज हे ऐकून कुणी मानसुद्धा वर करणार नाही. तेव्हा मोबाइल फोन आमच्यापैकी कुणी हातात धरलेला नव्हता.

त्या टर्मिनलशी बोलणारा प्रोग्राम आधी आम्ही स्वतः लिहीत बसलो होतो. आम्ही त्याच्याशी बोलायचो, ते आमच्याशी बोलायचं नाही. शेवटी सरांनी परदेशातून एक तयार कंट्रोल मागवला. कंट्रोल म्हणजे प्रोग्रामचा आयता भाग. माउसनं उचलून आपल्या फॉर्मवर, म्हणजे स्क्रीनवरच्या आपल्या खिडकीत, टाकायचा, चार खणांत माहिती भरायची, की तोच टर्मिनलशी बोलायला लागतो. शैलानं पहिल्याच दिवशी त्याचं नाव 'जावईबापू' ठेवलं. आयता आलेला, पोटात काय आहे ते विचारायची सोय नाही, आणि रुसला की सगळं घर थांबतं!

*

कारखान्याचे चेअरमन म्हणजे आबा. अख्खा तालुका त्यांना आबाच म्हणायचा. सर त्यांना हा कंट्रोल समजावून सांगायला गेले, आम्ही तिघं मागं उभे. सरांची सवय अशी, की समोरच्याच्या घरातलं उदाहरण द्यायचं.

"आबा, पूर्वी घरोघरी वर्षाचा कांदा-लसूण मसाला कुटायचे. आता तयार मिळतो. पुडी फोडायची, आमटीत टाकायची. तसंच हे! फॉर्मवर टाकायचं, की काम सुरू!"

"म्हंजे आयतं आणायचं नि टाकायचं?"

"बरोबर!"

"टाकायला किती येळ लागतो?"

"अर्धं मिनिट!" सर भलतेच खुशीत.

आबांनी आमच्या तिघांकडं एकेक करून पाहिलं. "मग ही तीन माणसं कशापायी?"

सर गडबडले. "ती... म्हणजे... किती टाकायचं ते ठरवतात."

"आमच्यात ते सासू ठरविती," आबा म्हणाले. "एकटी!"

काम मात्र आम्हालाच मिळालं.

*

आता शैलाच्या वडिलांची ओळख करून देतो, कारण सगळ्याच्या मुळाशी तेच आहेत. आप्पा म्हणजे रिटायर्ड सुभेदार, आणि तेही सिग्नलचे. सगळी नोकरी कानाला वायरलेस लावून झालेली. त्यामुळं आटपाडीहून ऑफिसच्या फोनवर त्यांचा फोन आला की असा यायचा:

"शैला, जेवलीस का? ओव्हर."

"जेवले आप्पा. ओव्हर."

"काय जेवलीस? ओव्हर."

"भाकरी आणि वांगं. ओव्हर."

"रॉजर. आउट." आणि फोन बंद.

शैलानं आम्हाला नियम सांगितले होते. आपलं बोलून झालं की ओव्हर म्हणायचं, म्हणजे समोरच्यानं उत्तर द्यायचंच. निरोप पोचला की रॉजर. पोचपावती आल्याशिवाय आप्पा जागचे हलत नाहीत. एकदा शैलाची आई रुसली होती. आप्पा उंबऱ्यात उभं राहून म्हणाले, "मी रानात निघालो. ओव्हर." आई गप्प. आप्पा उभे. ऊन अंगणातून ओट्यावर आलं, तरी उभे! शेजारणी निमित्त काढून बघून गेल्या. शेवटी आईनं ताटली आपटली आणि "कळलं एकदाचं! रॉजर!" म्हणून ओरडली, तेव्हा कुठं आप्पा रानात गेले.

हे ऐकल्यावर आमच्या ऑफिसात जो तो सुरू झाला. "चहा सांगू का? ओव्हर." "दोन सांग. ओव्हर." बसू एकटाच रॉजरऐवजी आयतु म्हणायचा.

पण एक दिवस आप्पांचा फोन जरा लांबला. शैला नुसतं "हो" आणि "ओव्हर" म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "विट्याकडच्या पाहुण्यांचं स्थळ बघून ठेवलंय. आप्पा म्हणतात, कारखान्यावर तुझं यंत्र चालतंय का ते सीझन संपायच्या आत येऊन डोळ्यांनी बघणार. चाललं तर राहा सांगलीत. नाही चाललं तर सामान बांध."

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"रॉजर म्हणाले. दुसरं काय म्हणणार?"

त्या दिवशी कुणी थट्टा केली नाही. शैलाला परत जायचं नव्हतं. तिला प्रोग्राम लिहायचे होते, हे तिच्या तोंडावर दिसायचं. आणि ती गेली तर आमची कंपनी म्हणजे एक मालक, एक वायरमन आणि मी. 

*

काम तोंडी मिळालं, तरी कारखान्याला कागदावर रीतसर प्रस्ताव पाठवायचा होता. त्यात टर्मिनलचा निरोप किती लांबून येतो ते लिहायला हवं. सर म्हणाले, "उगाच पुस्तकातलं लिहायचं नाही. मोजून लिहायचं!" बसूच्या हातात टर्मिनल दिलं. "चालत सूट. दर चौकात बटण दाब. बंद पडेल तिथं थांब."

ऑक्टोबरचं ऊन. बसू गेला. सर कॉम्प्युटरपुढं गावाचा नकाशा पसरून बसले. स्क्रीनवर एक निरोप आला. "चौक गाठला!" दुसरा आला. "स्टँड!" पुढं बराच वेळ निरोप येतच राहिले. सर उठून उभे राहिले. "पूल! अरे, पूल गाठला पठ्ठ्यानं!" त्यांनी नकाशावर पट्टी लावली, प्रस्तावात 'दोन किलोमीटर' लिहिलं आणि पाकीट स्वतः कुरियरला देऊन आले.

मी चहा सांगायला खाली उतरलो. गोदामात हळदीच्या पोत्यांवर बसू आडवा. डोळे मिटलेले, टर्मिनल छातीवर, आणि अंगठा मधूनमधून बटणावर!

"बसू! तुला बंद पडेल तिथं थांबायला सांगितलं होतं ना?"

बसूनं एक डोळा उघडला. "मीच बंद पडलो की ओ उन्हानं. हितंच थांबलो. आयतु."

*

पोत्यांचं मी सरांना बोललो नाही, त्यामुळं त्याच दोन किलोमीटरच्या जोरावर सर तिकडं डोंगरात, मेढ्यालाही जाऊन आले. तिथं एका दूध डेअरीला यंत्र दाखवायचं होतं. ऑफिस डोंगराच्या अलीकडं, दूध गोळा करायची जागा पलीकडं. सरांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. काही नाही. सर समजुतीच्या सुरात म्हणाले, "त्याचं काय आहे, मधे डोंगर आहे. लहर डोंगर ओलांडत नाही."

डेअरीचा माणूस म्हातारा होता, शांतपणे तंबाखू मळत म्हणाला, "आमची म्हस वलांडती की वो रोज!"

सर पुन्हा मेढ्याला गेले नाहीत.

*

बसू एकदा एसटीनं टर्मिनल घेऊन कारखान्यावर निघाला होता. त्या दिवशी क्रिकेटची मॅच होती. शेजारच्यानं अँटेना पाहिली. "पाव्हणं, स्कोर काय झाला?"

"हे तसलं न्हाई," बसू म्हणाला.

"आवं सांगा की! अँटेना दिसतीया न्हवं?"

मागून माना आल्या. पुढून माना आल्या. कंडक्टर तिकिटं सोडून आला. बसू वैतागला, चार बटणं दाबली आणि ठोकून दिलं, "चार बाद एकशे ब्याऐंशी!"

गाडीत जल्लोष! पुढच्या थांब्यावर पानाच्या टपरीत रेडिओ चालू होता. बसूनं अँटेना शर्टाखाली लपवली. आता उघडं पडणार! कंडक्टर खिडकीतून ओरडला, "स्कोर किती रं?"

टपरीवाला म्हणाला, "चार बाद एकशे ब्याऐंशी!"

दुसऱ्या दिवशी त्याच गाडीत कंडक्टरनं बसूसाठी खिडकीची जागा धरून ठेवली होती. आदरानं जवळ येऊन हळूच म्हणाला, "पाव्हणं, आमच्या थोरलीच्या बारावीचं काय दिसतंय का बघा की."

*

सीझन सुरू झाला तरी जावईबापूंची पक्की प्रत परदेशातून यायचीच होती. आमच्याकडं होती ती चाचणीची प्रत. ती मधूनच स्क्रीनवर एक खिडकी उघडायची, 'ही फक्त चाचणीची प्रत आहे', आणि कुणी एंटर दाबेपर्यंत सगळं थांबवून ठेवायची. शैला वैतागून म्हणाली, "जावईबापूंना दर घटकेला कुणीतरी 'घ्या ना, घ्या ना' म्हणावं लागतं."

दिवसभर एंटर कोण दाबत बसणार? बसूनं विचार केला. कॉम्प्युटरची पूजा झाली होती, पूजेचा नारळ शेजारीच होता. बसूनं तो एंटरच्या बटणावर बेताबेतानं टेकवला. खिडकी उघडली रे उघडली की आपोआप बंद! बाकी कुठं एंटरचा उपद्रव होऊ नये म्हणून शैलानं आपल्या प्रोग्राममध्ये ते बटणच बाद करून टाकलं. "आयतु!" बसू म्हणाला, आणि या वेळी खरंच झालं होतं.

दोन दिवस सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी आबा आले. "ह्यो नारळ कशाला?"

बसू पटकन म्हणाला, "पूजा हाय आबा. चालूच हाय."

आबांनी चपला काढल्या. हात जोडले. बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. आम्ही सुटलो म्हणेपर्यंत त्यांनी स्वतःच्या हातानं नारळ उचलला! "आरं, मग फोडा की! परसाद करा!"

नाही कोण म्हणणार? नारळ फुटला. सगळ्यांच्या हातावर खोबरं आलं. आम्ही खोबरं चघळतोय तेवढ्यात स्क्रीनवर खिडकी उघडली, आणि यार्डातून ओरडा आला, "बंद पडलं! बंद पडलं!"

आबांनी स्क्रीनकडं पाहिलं. रिकाम्या कीबोर्डकडं पाहिलं. चूक त्यांच्या लगेच ध्यानात आली.

"दुसरा नारळ आणा!"

पक्की प्रत आल्यावरही कारखान्यानं कीबोर्डवरचा नारळ काढू दिला नाही. आम्ही एंटर सोडून दुसरं एखादं बिनकामाचं बटण शोधून दिलं.

*

यार्डात टर्मिनल घेऊन फिरायचे ते तात्या. वय झालेलं, आवाज खणखणीत, यंत्रावर भरवसा शून्य. तात्या नंबर दाबायचे आणि मग ऑफिसच्या दिशेला तोंड करून बोंबलायचे, "गेलं का रं?"

ऑफिसच्या खिडकीतून क्लार्क ओरडायचा, "आलं!"

प्रत्येक गाडीला! शंभर पावलांवरून! पूर्वी यार्डात फक्त भांडणाचा आवाज असायचा. बिनतारी यंत्र आल्यावर गोंगाट दुप्पट झाला.

सर म्हणाले, "तात्या, ओरडायचं नाही. ते आपोआप जातं."

"जातंय वो. पर पोचलं ते मला कोण सांगणार? पत्र टाकल्यालं बी जातंय!"

शैला हसत सुटली. "तात्या, तुम्ही आटपाडीचे नाही ना? आमच्या घरात पोचपावतीशिवाय कुणी जागचं हलत नाही."

बसली ती फॉर्मपुढं. जावईबापूंच्या अंगात ती सोय होतीच, आम्हीच कधी वापरली नव्हती. तात्यांनी नंबर दाबला की तो ऑफिसात पोचायचा, कॉम्प्युटरवर नोंद व्हायची, तिथून उलटा निरोप टर्मिनलवर यायचा, आणि तो आला तरच टर्मिनल वाजायचं. पीप! निरोप वाटेत हरवला, तर यंत्र आपणच पुन्हा पुन्हा पाठवत राहायचं. पोचला नाही तर पीप नाही!

तात्यांचं ओरडणं त्या दिवसापासून बंद झालं. उलट खिडकीतला क्लार्कच बेचैन. मधेच डोकं बाहेर काढून विचारायचा, "तात्या, बरं हाय न्हवं?"

*

आता बैल.

बैलगाड्यांच्या रांगेत काम असं चालायचं. तात्या गाडीपाशी जायचे, नंबर दाबायचे, पीप वाजली की गाडीवानाला म्हणायचे, "चल." गाडीवान बैलांना म्हणायचा, "चल रं." मग गाडी काट्याकडं. बैल रोज तेच, खेप रोज तीच. थोड्याच दिवसांत बैलांनी मधली दोन माणसं वगळली. पीप वाजली की बैल आपले आपण निघायचे! गाडीवान बिडी ओढत पडलेला असायचा, गाडी काट्यावर जाऊन उभी.

सगळे खूश. फक्त आबांचं डोकं उठलं. दिवसभर पीप, पीप, पीप! त्यांनी सरांना बोलावून सांगितलं, "सायेब, त्ये तेवढं वाजायचं बंद करा. स्क्रीनवर दिसतंय की सगळं."

सोपं काम. शैलानं जावईबापूंच्या आवाजाच्या खणात 'होय'चं 'नाही' केलं. टर्मिनलवर पोचपावती दिसत होती, पीप बंद.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच फोन खणखणत होता. आबा! सरांनी घाबरून विचारलं, "काय झालं आबा? यंत्र बंद पडलं का?"

"यंत्र चालतंय वो!" आबा ओरडले. "बैलं बंद पडलीत!"

आम्ही जाऊन पाहिलं. रांग यार्डाबाहेर रस्त्यापर्यंत गेलेली. गाडीवान "चल रं, चल रं" करून घसा बसवून बसलेले. एकानं चाबूक दाखवला, एकानं शेपूट पिरगाळलं, एकानं पाया पडून बघितलं. बैल ढिम्म. माना वळवून सगळे तात्यांच्या हातातल्या यंत्राकडं बघतायत!

शैलानं 'नाही'चं पुन्हा 'होय' केलं. तात्यांनी बटण दाबलं. पीप! पहिली जोडी निघाली.

माहितीपुस्तिकेत सरांनी एक ओळ नवीन घातली. 'आवाज बंद करू नये.' कारण विचारलं तर सांगणार काय? म्हणून कारण घातलं नाही.

*

आणि मग आप्पा आले.

सीझन संपत आलेला. पांढरा इस्त्रीचा शर्ट, बूट चकाकणारे, मिशा दोन्ही बाजूंना सारख्या. एसटीतून उतरले ते थेट कारखान्यावर. शैलाचा चेहरा सकाळपासून उतरलेला. सर तिला "काही काळजी करू नकोस" म्हणत होते आणि चष्मा पुसत होते. तो त्यांनी इतका पुसला की त्याची काच निखळेल असं वाटलं.

आम्ही आप्पांना आधी कॉम्प्युटर दाखवला. नंबर येतायत, नोंदी होतायत. आप्पांनी कीबोर्डवरच्या नारळाला हात जोडले आणि म्हणाले, "पडद्यावर काय बी लिवता येतंय. मला जाग्यावर बघायचं हाय. तितं."

त्यांनी बोट दाखवलं ते थेट बगॅसच्या ढिगामागं. ऊस गाळून उरलेल्या चोथ्याचा तो डोंगर. यार्डात निरोप अडकायची एकच जागा होती, आणि ती तीच!

सर म्हणाले, "सुभेदारसाहेब, तिथं जरा..."

"तुमच्या कागदावर दोन किलोमीटर लिवलंय म्हणं. चेरमनसायेब सांगत हुते."

बसू जमिनीकडं बघायला लागला.

गेलो सगळे ढिगामागं. तिथं एक बैलगाडी उभी होती. तात्यांनी नंबर दाबला. 

काही नाही.

गाडीवानाला वाटलं, पाहुण्यांपुढं शोभा नको. तो म्हणाला, "चल रं." बैल हलले नाहीत. त्यानं दोर ओढला. बैलांनी माना वळवून तात्यांकडं पाहिलं. आप्पा बैलांकडं बघतायत. शैला हातातली ओढणी पिळतेय. यंत्र पुन्हा पुन्हा पाठवत असणार हे आम्हाला माहीत होतं, पण मधे ढीग, आणि ढिगाशेजारच्या फटीत एक ट्रक आडवा उभा. "आयतु," बसू पुटपुटला, आणि पहिल्यांदाच त्याचा तो शब्द ऐकून मला रडू आलं. संपलं, असं वाटलं. शैलाचं सामान, तिची खुर्ची, पिवळा कीबोर्ड, सगळं डोळ्यांपुढं आलं.

तेवढ्यात काट्यावरून हाक आली आणि तो ट्रक सुरू झाला. धूर सोडत पुढं सरकला. फट मोकळी झाली.

पीप!

बैल निघाले. गाडीवान दोर सोडून बाजूलाच उभा होता, त्याच्याकडं न बघता निघाले. ढिगाला वळसा घालून गाडी काट्याकडं गेली.

आप्पा कितीतरी वेळ त्या गाडीकडं बघत राहिले. "ह्यांस्नी कुणी शिकिवलं?"

"कुणी न्हाई," तात्या म्हणाले. "पोचल्याचा आवाज आला की जात्यात. न्हाई आला तर आबा आलं तरी हलत न्हाईत."

"रॉजर घिऊन हलत्यात," आप्पा स्वतःशीच म्हणाले. "पलटणीत बी आसली शिस्त बघितली न्हाई मी."

मग ते शैलाकडं वळले. टाचा जुळल्या, हात बाजूला सरळ.

"शैला, सांगलीतच ऱ्हा. विट्याच्या पाव्हण्यांस्नी मी कळिवतो. ओव्हर."

शैलानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ओढणी तोंडाला लावून ती हमसून रडायला लागली. सर चष्मा काढून डोळेच पुसायला लागले. मीही पुसले, उगाच खोटं कशाला सांगू?

आप्पा उभे.

सर म्हणाले, "चला साहेब, चहा घेऊ." आप्पांनी मान हलवली नाही. बसू म्हणाला, "आवं, आटपाडीची गाडी चुकंल की!" आप्पा नजर समोर ठेवून उभे. मी शैलाला कोपरानं ढोसलं. "अगं, बोल ना!" ती बोलायला गेली आणि आणखीच रडली. ऊन आप्पांच्या डोक्यावर आलं, कपाळावरून घामाची धार मिशीपर्यंत पोचली, तरी हात पुसायला वर गेला नाही.

तात्यांनी एकदा शैलाकडं पाहिलं, एकदा आप्पांकडं पाहिलं. मग हळूच टर्मिनल पुढं धरून बटण दाबलं.

पीप!

आप्पा वळले आणि गेटकडं चालू लागले.